निगेटिव्हवरचे पांढरे डाग अखेर गेले (माझा अनुभव)

घरी एचपी५ प्लस (ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) डेव्हलप करतो, डी-७६ डेव्हलपर पाण्यात १:१, २० डिग्रीला ११ मिनिटं. डेन्सिटी (निगेटिव्हचा गडदपणा) छान यायची पण वाळल्यावर चकचकीत बाजूला थेंबाच्या आकाराचे पांढरट गोल, स्कॅनमध्ये राखाडी आभाळात पांढरे ठिपके. चार रोल असे गेले, फार जीव जळला.

बोटांनी निपटून बघितलं तर ओरखडे आले, वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब न राहता ओघळून जावेत म्हणून शेवटी वापरायचं द्रावण) जास्त टाकला तर फेसाचे ओघळ. दोष आमच्या बोअरच्या पाण्याचा होता, क्षार वाळून चिकटत होते.

आता फिक्सरनंतर (प्रतिमा पक्की करणारं रसायन) डेव्हलपिंग टँकमध्ये साधं पाणी भरून ५ वेळा उलटा-सुलट करतो, पाणी बदलून १० वेळा, परत बदलून २० वेळा. मग फिल्म रीलवरून काढायची (एजंट प्लॅस्टिक रीलला चिकटून राहतो म्हणून आधीच), ५०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २.५ मिली फोटो-फ्लो (हाच वेटिंग एजंट), त्यात १ मिनिट, आणि न पुसता, खाली चिमटा लावून, पंखा बंद ठेवून बाथरूममध्ये टांगायची. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं.

जुन्या डागाळलेल्या पट्ट्यासुद्धा १० मिनिटं डिस्टिल्डमध्ये भिजवून, मग त्याच फोटो-फ्लोच्या पाण्यातून काढून वाळवल्या, बहुतेक साफ झाल्या.