कर्नलमधला पहिला पॅच
भाऊ, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, पहिला पॅच (कोडमधला छोटा बदल) पाठवायचा तर नवा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहायच्या नादी लागू नका. कर्नलच्या सोर्स कोडमधल्या 'ड्रायव्हर्स'मधलं 'स्टेजिंग' फोल्डर उघडा. अजून पक्का न झालेला कोड तिथे असतो. एखाद्या फाइलवर 'चेकपॅच' ही कोडच्या शैलीतल्या चुका दाखवणारी स्क्रिप्ट चालवा आणि त्यातली एकच तक्रार निवडा.

बदल केला की बिल्ड कराच, म्हणजे कर्नल कंपाइल करून बघा. आमच्या अमळनेरला मे महिन्यात लॅपटॉप दुपारी तव्यासारखा तापतो, म्हणून मी बिल्ड रात्री लावतो. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड दिली की आपल्या मशीनवर लोड असलेलीच मॉड्यूल्स (कर्नलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे भाग) निवडली जातात, वेळ खूप वाचतो. पण ज्या ड्रायव्हरला हात लावला तो 'मेन्युकॉन्फिग' या निवडीच्या मेन्यूमध्ये जाऊन चालू करा, नाहीतर तुमची फाइल कंपाइलच होणार नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहील.

खरी मेहनत कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीच्या, मजकुरात आहे. बदल का केला, ते नेमकं लिहा. इंग्रजी साधी असली तरी चालते, मोघम चालत नाही. हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे असं आपल्या नावानिशी सांगणारी 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ हवीच.

कोणाला पाठवायचं ते 'गेट मेंटेनर' ही स्क्रिप्ट सांगते. 'गिट सेंड-ईमेल' या कमांडने पॅच ईमेलमध्ये साध्या मजकुरात पाठवा, अटॅचमेंट नको. दुरुस्ती सुचवली तर आभार मानून 'व्ही२', म्हणजे पॅचची सुधारलेली दुसरी आवृत्ती, पाठवा. उत्तर यायला २-३ आठवडे लागू शकतात. पहिल्या आठवड्यात आठवण करून देऊ नका.