कढीपत्त्यावरची अळी घरी कशी वाढवायची

आमच्या इंदूरच्या गच्चीवर पावसाळा लागला की कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसतात आणि आई लगेच फवारा शोधते, म्हणते रविवारच्या पोह्यांना पान उरणार नाही. अगं थांब, ती लिंबाळी आहे, लाइम बटरफ्लाय, महिन्याभरात उडून जाईल.

आधी अंडं शोधा. कोवळ्या शेंड्यावर बारीक मोहरीएवढा फिकट पिवळा मणी, बहुतेक एकटाच. ती डहाळीच कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा, तोंडाला कापूस कोंबायचाच, माझी पहिली अळी खाली उतरून बुडाली. सगळं मोठ्या डब्यात, वर जुन्या ओढणीचं कापड.

तीन-चार दिवसांत अळी निघते, पहिल्यांदा स्वतःचं कवच खाते. मग चार वेळा कात टाकते. सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याची शिट दिसते, काळपट तपकिरी त्यावर पांढरे डाग, म्हणून पक्षी फिरकत नाहीत. पाचव्या टप्प्यात एकदम हिरवीगार! तेव्हा हलकेच बोट लावा, मानेजवळून दोन ओली नारिंगी शिंगं झटकन बाहेर येतात आणि असा उग्र वास सुटतो की माझा भाचा दोन पावलं मागेच सरकला.

पानं रोज ताजी, लेंड्या रोज झाडा नाहीतर बुरशी येते. बाजारातली जुडी घालू नका, मी घातली आणि सकाळी तीन अळ्या मेलेल्या, औषध मारलेलं असणार. लिंबाचं किंवा बेलाचं पानही चालतं, पण बिनफवारणीचं.

एक दिवस ती खाणं सोडून डबाभर भटकते, तेव्हा आत तिरकी काडी ठेवा. शेपटीकडे रेशमाची गादी, कमरेला एक धागा, सीटबेल्ट लावल्यासारखी वाकून बसते आणि दुसऱ्या दिवशी कोष तयार, हिरवा नाहीतर तपकिरी, आजूबाजूला जे असेल तसा. हात लावू नका. साधारण आठ-दहा दिवस लागतात, थंडीत जास्त. कोषाला बारीक भोक दिसलं तर समजा गांधीलमाशीच्या जातीच्या चिमुकल्या माशीने आधीच डाव साधला.

कोष काळा पडून पंखांचे पिवळे ठिपके दिसले की दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष ठेवा. बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात, लटकायला जागा हवी, खाली लालसर पाणी पडतं ते रक्त नव्हे. तास-दोन तासांत पंख वाळले की सोडा. आईचं म्हणणं, कढीपत्त्याच्या उलट्या बाजूला सोड.