ग्लायोब्लास्टोमाच्या स्टेम सेल: गाठीच्या तुकड्यापासून औषधाच्या चाचणीपर्यंत

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतली आक्रमक कर्करोगाची गाठ, आणि तिच्या स्टेम सेल म्हणजे गाठ पुन्हा उभी करू शकणाऱ्या पेशी. गाठीचा तुकडा ऑपरेशन थिएटरमधून थंड डीएमईएम/एफ-१२ मध्ये (पेशी वाढवायचं मीडियम, म्हणजे पोषक द्रव), बर्फावर यायला हवा. फॉर्मलिनमध्ये आला तर तो पॅथॉलॉजीच्या उपयोगाचा, आपल्या नाही. रुग्णाची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आधीच हातात असावी. काम त्याच दिवशी सुरू करा. पिवळट, मऊ पडलेला भाग मेलेला असतो, तो काढून टाका.

उरलेला तुकडा दोन ब्लेडनी मिलिमीटरभर बारीक चिरा आणि अ‍ॅक्युटेजमध्ये (पेशी सुट्या करणारं एन्झाइम मिश्रण) ३७ अंशांवर १० ते १५ मिनिटं ठेवा. मग १ मिलीच्या टिपने हलक्या हाताने वरखाली करा. जोर लावला की पेशी फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि सगळं शेंबडासारखं चिकट होतं. तसं झालंच तर थोडं डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घाला. ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग) जिवंत पेशी मोजा.

मीडियममध्ये सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) अजिबात नको. सीरममध्ये पेशी तळाला चिकटून भराभर वाढतात, बघून बरं वाटतं, पण त्यांचा स्टेमपणा जातो. डीएमईएम/एफ-१२ मध्ये व्हिटॅमिन ए नसलेलं बी-२७ (सीरमऐवजीचं पूरक मिश्रण), ईजीएफ आणि बीएफजीएफ (वाढ घडवणारे दोन फॅक्टर) प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिली, आणि हेपारिन २ मायक्रोग्रॅम प्रति मिली घाला. बीएफजीएफ ३७ अंशांवर टिकत नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दोन्ही फॅक्टर पुन्हा द्या. रुग्णाच्या रक्ताशी एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी) पहिल्याच पॅसेजला, म्हणजे पेशी पहिल्यांदा नव्या भांड्यात लावतानाच, जुळवून ठेवा. जगभर वापरली जाणारी यू-८७ लाइन (प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी) स्वीडनमधल्या उप्सालाच्या मूळ गाठीशी जुळत नाही, हे कळायला २०१६ उजाडलं!

या मीडियममध्ये पेशी तरंगते गोळे करतात. गोळे १०० ते २०० मायक्रॉनचे झाले की पुन्हा सुट्या पेशींत फोडा. कडा चकाकती आणि मध्य तपकिरी-काळा दिसला, तर उशीर झालाय, आतल्या पेशी मरताहेत.

पण गोळा झाला म्हणजे स्टेम सेल मिळाली, असं नाही. दाट पेरलेल्या पेशी नुसत्या एकमेकींना चिकटूनही गोळे होतात. २००४ मध्ये टोरंटोच्या गटाने सीडी-१३३ (स्टेम सेलची खूण, म्हणजे मार्कर, मानलं जाणारं पेशीवरचं प्रथिन) असलेल्या १०० पेशींतून उंदराच्या मेंदूत गाठ वाढवली, नसलेल्या १ लाखातूनही वाढली नाही. पुढे मात्र सीडी-१३३ नसलेल्या पेशींनीही गाठ होते असं दिसलं, तेव्हा एका मार्करवर विसंबू नका. पेशी खरंच गोळा करतात का ते मोजा: ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणाला १, ५, १०, २०, ५० अशा पेशी पेरा, प्रत्येक संख्येचे निदान १२ खण ठेवा, आणि १० ते १४ दिवसांनी किती खण गोळ्यांविना रिकामे राहिले ते मोजा; त्यावरून गोळा करणाऱ्या पेशींचं प्रमाण कळतं. मधल्या काळात प्लेट हलवू नका, गोळे गडगडत एकत्र येतात.

आता औषधाची चाचणी. टेमोझोलोमाइड (या गाठीवरचं नेहमीचं केमोथेरपीचं औषध) डीएमएसओ या द्रावकात विरघळवून उणे २० अंशांवर ठेवा, मीडियममध्ये मात्र ऐन वेळी मिसळा. शरीराच्या पीएचला ते दोनेक तासांतच निम्मं उरतं. कंट्रोललाही (औषध न दिलेल्या पेशींना) तेवढंच डीएमएसओ द्या. ७२ तासांवर निकाल काढणं ही नेहमीची चूक. या औषधाने पेशी मरायला एकाहून जास्त विभाजनं लागतात आणि या पेशी सावकाश विभागतात, म्हणून ६-७ दिवस थांबा. एमजीएमटी (या औषधाने डीएनएला केलेली इजा दुरुस्त करणारं प्रथिन) जास्त असलेल्या लाइनवर औषध चालत नाही. ते आधीच तपासा. शेवटी औषध धुऊन काढा आणि वाचलेल्या पेशी एकेकट्या पेरा. ९० टक्के पेशी मेल्या आणि उरलेल्यांनी मिळून एकूण पूर्वीइतकेच गोळे केले, तर औषध स्टेम सेलला लागलेलंच नाही.