लेक लवकर वयात येतेय? ते रोखणाऱ्या इंजेक्शनाआधी आणि इंजेक्शन सुरू असताना या चुका टाळा

पहिली चूक माझीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी एक बाई साडेसात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. "सिस्टर, पोरीच्या छातीले गाठ आल्यावानी वाटते, दुखते म्हन्ते." पोरगी अंगानं भरलेली. मी फ्रॉकवरूनच पाहिलं आणि म्हटलं, "चरबी आहे माय, काही नाही." आठ महिन्यांनी बाई परत आली ती पोरीची डाग पडलेली चड्डी पिशवीत घेऊनच. पोरगी तिसरीत.

जाड मुलीत चरबी कोणती आणि खरी वाढ कोणती, हे नुसतं पाहून कळत नाही. मुलीला आडवं झोपवून बोटांच्या टोकांनी हलकंच चाचपावं लागतं. नुसती चरबी असेल तर बोंडाखाली मऊच लागतं. खरी वाढ असेल तर तिथं नाण्यासारखी घट्ट चकती लागते, बरेचदा आधी एकाच बाजूला आणि दुखरी. ही वाढच असते, घाबरून दाबू नका, लेप लावू नका. पण वय आठच्या आत असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नका.

मग घरात खापर फोडायला सुरुवात होते. म्हशीला पान्ह्यासाठी टोचलेलं इंजेक्शन, ब्रॉयलर कोंबडी. पान्ह्याचं ते ऑक्सिटोसिन पोटात पचून जातं आणि मुलीला वयात आणणारं हार्मोन ते नव्हेच. त्यापेक्षा घरातला कोनाडा पाहा. आईच्या गर्भनिरोधक गोळ्या पोरीच्या हाताला लागतात का? कोणी हार्मोनचं मलम वापरतं का? हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

तपासण्यांतही वजन चकवतं. वयात येणारी मुलगी झपाट्यानं उंच होते. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबलीय, असं असेल तर थायरॉईड आधी तपासायला हवं. दोष तिथंच निघाला तर थायरॉईडच्या गोळीनं काम होतं. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात, पण नुसत्या लठ्ठपणानंही ते पुढे गेलेलं दिसतं. उलट एलएच हे अंडाशयाला जागं करणारं हार्मोन रक्ताच्या तपासणीत जाड मुलींत कमी भरू शकतं, म्हणून एका रिपोर्टवर हो किंवा नाही ठरवणं चूक. काखेत-जांघेत नुसते केस आले आणि छातीची वाढ नाही, तर बहुतेक वेळा ते मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचं काम असतं. त्याला वयात येणं रोखणारं इंजेक्शन लागत नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलीला मेंदूचा एमआरआय सांगितला तर टाळू नका.

हे इंजेक्शन म्हणजे बहुधा ल्युप्रोलाइड नावाचं औषध. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून अंडाशयाला जाणारा निरोप ते थांबवतं. ताकदीप्रमाणे दर 28 दिवसांनी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं असतं, आणि आमच्याकडे घोळ होतो तो इथंच. पोळा आला, कापूस वेचणी लागली, नाल्याला पूर येऊन एसटी बंद झाली. तारीख लांबली की झोपलेला निरोप पुन्हा जागा होतो. "महिन्यातून एकदा" असं धरू नका, कॅलेंडरवर 28 मोजून खूण करा आणि पावसाळ्यात दोन दिवस आधी निघा. पावडरचं इंजेक्शन असेल तर ते द्यायच्या वेळीच कालवतात, नाहीतर तळाशी बसतं किंवा सुईत अडकतं. घरून कालवून नेऊ नका. डब्यावर लिहिलंय त्याच तापमानात ठेवा.

पहिल्या डोसानंतर काही दिवसांत थोडा रक्तस्राव होऊ शकतो. ते पाहून दुसरा डोस न घेणाऱ्या दोन आया मला माहीत आहेत. "पाळी थांबवली तर पुढं लेकरू होनार नाही" ही भीतीही खोटी. उपचार साधारण अकराच्या आसपास थांबवतात आणि बहुतेक मुलींची पाळी त्यानंतर वर्ष-दीड वर्षात येते.

मात्र उंची वाढवायचं औषध म्हणून कोणी नऊ-दहा वर्षांच्या मुलीला सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. उंचीचा फायदा मुख्यतः सहाच्या आत सुरू झालेल्यांना होतो, आठनंतर फारसा नाही.

वजन इंजेक्शनानं उतरत नाही. म्हणून पोरीची भाकर कापू नका, तिची वाढ चालू आहे. चहात बुडवलेली बिस्किटं आणि किराणा दुकानातली पाच रुपयांची पाकिटं कापा, आणि तीही सगळ्या घरासाठी. एकटीच्या ताटातून काढून भावाला दिलं की ती लपून खाते.

त्या तिसरीतल्या पोरीची आजी तिला अंगणात लगोरी खेळू देईना. "मोठी झाली आता." पोर दारात बसून बाकीच्यांना पाहायची. मी आजीला तिच्या दप्तरातली दुसरीची वही काढून दाखवली, त्यावर कार्टूनचे स्टिकर चिकटवलेले होते. वर्गातल्या मॅडमकडे एक जास्तीची चड्डी आणि पॅड ठेवायला दिला. दुसऱ्या दिवशी ती लगोरीत होती.