पिकअपसाठी पूर्ण मापाची स्टेपनी कशी निवडावी

स्टेपनी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न असतो, रिम किती इंची? खरं तर आधी बघायचा तो टायरचा बाहेरचा व्यास. त्यानंतर टायर किती भार पेलतो, रिम आपल्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या मधल्या भागावर, बसते का आणि चाक हौद्याखाली मावतं का, हे बघायचं. यातलं एक जरी चुकलं तरी पंक्चरच्या वेळी ते चाक म्हणजे नुसतं ओझं.

व्यासाचं गणित सोपं आहे. २६५/६५ आर १७ या टायरची रुंदी २६५ मिमी. तिच्या ६५ टक्के, म्हणजे १७२ मिमी, ही बाजूची उंची. ती वर-खाली दोनदा धरून त्यात १७ इंची रिमचे ४३२ मिमी मिळवले की ७७६ मिमी होतात. २६५/६० आर १८ चा व्यास असाच काढला तर ७७५ येतो. म्हणजे १८ इंची चाकांच्या गाडीला १७ इंची स्टेपनी व्यासाच्या हिशेबाने चालते, फक्त पुढच्या ब्रेकचा कॅलिपर रिमच्या आत मावायला हवा. उलट २६५/७० आर १७ हा ८०३ मिमीचा. रिम तीच असली तरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो, तो घेऊ नये.

घासलेल्या टायरचा हिशेब मात्र बरेच जण विसरतात. नव्या टायरची खाच ८ मिमी असेल आणि चालू टायरची ३ मिमी उरली असेल, तर व्यासात १० मिमीचा, म्हणजे जवळपास सव्वा टक्क्याचा फरक पडतो. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी; ती साधी असेल तर थोडं अंतर जायला काही बिघडत नाही. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक क्लचने रोखणारं, असेल तर त्याच्या क्लच प्लेटा सतत घासतात आणि तापतात. अशा गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं चांगलं चाक मागे न्यावं आणि स्टेपनी पुढे लावावी. काम दुप्पट होतं, पण डिफरन्शियल वाचतं. कायम फोर व्हील चालणाऱ्या गाडीत किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा.

भार टायरवर मापाच्या पुढे लिहिलेल्या आकड्यावरून कळतो: ११२ म्हणजे ११२० किलो, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मागच्या ॲक्सलची मर्यादा असते. तिच्या निम्म्यापेक्षा टायरची क्षमता कमी नको, आणि कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खालीही जाऊ नका. कारच्या धर्तीचा टायर पिकअपला लावताना क्षमतेला १.१ ने भागायचं; ११२० चे १०१८ किलोच धरायचे. रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते, बहुधा मागच्या बाजूला कोरलेली.

आता रिम. सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. पाच भोकांत समोरासमोर काही येत नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांमधल्या अंतराला १.७ ने गुणा. टोयोटा हायलक्स आणि फोर्ड रेंजर या पिकअप दोन्ही ६ × १३९.७, म्हणजे सहा भोकं आणि हे अंतर १३९.७ मिमी. पण हायलक्सच्या रिमचं मधलं भोक १०६.१ मिमी आणि रेंजरचं ९३.१. त्यामुळे रेंजरची रिम हायलक्सच्या हबवर चढतच नाही. हायलक्सची रेंजरवर चढते, पण हबभोवती व्यासात १३ मिमी मोकळी राहते, शिवाय ऑफसेटही, म्हणजे चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं तेही, वेगळा. फोर्डच्याच एफ-१५० चं माप ६ × १३५ आहे. १३९.७ शी हा फरक डोळ्याला दिसत नाही, एखाद-दुसरा नट जोर लावून बसतोही, आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो हबवरचा बोल्ट, वाकतो.

नटांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. अलॉयला काही गाड्यांत सपाट वॉशरचे नट असतात आणि स्टीलच्या डिस्कला निमुळते लागतात. सपाट नट निमुळत्या खोबणीत कसा बसणार? तो फक्त कडांवर टेकतो आणि चाक फिरायला लागलं की सैल होतो. असं असेल तर निमुळत्या नटांचा वेगळा संच पान्याबरोबरच ठेवा. नट हाताने किती फेरे जातो तेही मोजा: १२ मिमी स्टडला दीड मिमीच्या आट्यांवर किमान ८ फेरे, १४ मिमीला ९ ते १०.

जुनं चाक घेत असाल तर आधी टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांवर नजर टाका. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. खाच कितीही खोल असो, दहा वर्षांच्या पुढचा टायर नको. काही वाहन कंपन्या तर सहाव्या वर्षीच बदलायला सांगतात. टायर उतरवून आत बघा. रबराचा भुगा दिसला तर तो हवा नसताना चाललेला आहे, सोडून द्या. वेल्डिंग केलेली रिमही नको.

पैसे देण्याआधी चाक पुढे आणि मागे दोन्हीकडे चढवून बघा. स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवा, चाक हाताने फिरवा आणि कॅलिपरला काही घासतंय का ते ऐका. कधी कधी रिमला आतून चिकटवलेली बॅलन्सची वजनंच लागतात.

मग हौद्याखाली. सायलेन्सर, बंपर आणि ॲक्सल यांच्यामधली जागा मोजताना टायरमध्ये पूर्ण हवा हवी. साखळीची किंवा केबलची पट्टी रिमच्या मधल्या भोकातून गेली पाहिजे आणि आतून सपाट टेकली पाहिजे. अलॉयमध्ये ती हमखास अडते. चाक वर घेतल्यावर हलत राहिलं तर केबल झिजते. दर सहा महिन्यांनी चाक खाली सोडा, केबलवरची माती धुवा, ग्रीस लावा. केलं नाही तर गंजलेला हॉइस्ट, म्हणजे चाक वर-खाली करणारी चरखी, ऐन वेळी फिरत नाही.

हवा दाराच्या स्टिकरवरच्या सर्वांत जास्त आकड्यापेक्षा ५ पीएसआय वर ठेवा, टायरची कमाल मर्यादा न ओलांडता. लावताना जास्तीची सोडता येते. स्टेपनीत हवेच्या दाबाचा सेन्सर नसेल तर डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा पेटेल, घाबरू नका. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, आवळा आणि १०० किमीच्या आत परत तपासा.

पुढच्या वेळी टायर बदलताना जमलं तर पाच सारखेच घ्या, एका दिशेनेच फिरणारी नक्षी टाळून, आणि दर ८ ते १० हजार किमीला पाचही आळीपाळीने फिरवा. मग पाचही सारखेच घासतात.