जॅमसाठी ब्राउझरमधला पझल गेम बनवताय? या चुका टाळा

जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात, दुसऱ्यांचे गेम खेळून अभिप्राय द्यायला मला मनापासून आवडतं. म्हणूनच एखादी सुंदर कल्पना त्याच त्या चुकीपायी वाया गेली की जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे न सुटणारं कोडं. एका जॅममध्ये चित्राचे तुकडे सरकवून जुळवायचा गेम आला होता. ४ बाय ४ची चौकट, १५ तुकडे, एक घर रिकामं. चित्रं सुरेख होती. पण काहींचं चित्र पूर्ण व्हायचं आणि काहींचे शेवटचे दोन तुकडे अदलाबदलच राहायचे. बनवणारा प्रत्येकाला 'अजून प्रयत्न करा' म्हणून सांगत होता. शेवटी मी कोड उघडून पाहिला, तर तुकडे पत्त्यांसारखे पिसून मांडलेले! अशा मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या कधीच सुटत नाहीत. हे १८७९ सालीच सिद्ध झालंय. प्रत्येक चाल म्हणजे एक तुकडा आणि रिकामं घर यांची अदलाबदल. रिकामं घर आपल्या कोपऱ्यात परत यायला चालींची संख्या समच लागते. नुसत्या दोन तुकड्यांच्या अदलाबदलीला मात्र विषम लागते. म्हणजे ते लोक तासभर जे करत बसले होते, ते अशक्यच होतं.

मी नेहमी जुळलेल्या चित्रापासून सुरुवात करते आणि कोडकडूनच नियमातल्या दोन-तीनशे चाली खेळवून ते विस्कटते. त्या चाली उलट खेळल्या की कोडं सुटतंच. कुठून तरी उचललेला पिसण्याचा कोड बिनचूक असेलही, पण तो आपल्या कोड्यासाठी लिहिलेला नसतो. उचलण्याआधी वाचा तरी.

अनडू, म्हणजे चाल मागे घ्यायची सोय, हवीच. ठोकळे ढकलायच्या गेममध्ये ते कोपऱ्यात अडकतात, आणि एका चुकीसाठी अख्खी लेव्हल पुन्हा खेळायला कुणी थांबत नाही. प्रत्येक चालीआधी पटाची प्रत यादीत टाका, झेड दाबल्यावर शेवटची परत आणा. पहिल्या दिवशी हे दहा ओळींचं काम आहे. शेवटच्या दिवशी तेच डोकेदुखी होतं.

अपलोड शेवटच्या तासासाठी ठेवू नका. विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर चुकलं तरी चित्र दिसतं. बहुतेक सर्व्हरवर दिसत नाही. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर टाकताना इंडेक्स डॉट एचटीएमएल, म्हणजे गेम जिथून उघडतो ती फाइल, झिपमध्ये वरच हवी, आतल्या फोल्डरमध्ये नको. मी पहिल्याच संध्याकाळी स्क्रीनवर नुसता एक चौकोन हलवणारा गेम अपलोड करून पाहते. नवख्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांना आधी मेन्यू आणि लोगो हवा असतो, आणि ४८ तासांतला निम्मा वेळ त्यातच जातो.

बाण दाबल्यावर पान खालीवर सरकत असेल तर त्या कळांवर प्रिव्हेंट-डिफॉल्ट लावा, म्हणजे ब्राउझर त्यांचं स्वतःचं नेहमीचं काम करणार नाही.

खेळणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज वाजू देत नाही, म्हणून आधी 'सुरू करा' बटण ठेवा. त्याच क्लिकने कीबोर्डही गेमकडे येतो.

नुसत्या लाल-हिरव्या रंगावर कोडं बेतू नका, आकारही वेगळे द्या.

आणि लेव्हलचा क्रम स्वतःच्या अंदाजाने लावू नका. तुम्हाला उत्तरं पाठ असतात. कुणाला तरी खेळायला बसवा आणि अजिबात बोलू नका. तो जिथे अडकेल, त्याच्या आधी तीच एक युक्ती शिकवणारी छोटी लेव्हल घाला. वेळ कमी पडला तर शेवटच्या दोन अवघड लेव्हल काढा, ही चाचणी मात्र वगळू नका.