मे महिन्यात ऑपरेशन, मग नवरात्रात गरबा? एसीएलनंतरचे नऊ महिने

परीक्षा संपल्या की सुट्टीत ऑपरेशन उरकून घ्यायचं, म्हणजे कॉलेज सुरू होईपर्यंत पोरगं चालायला लागेल. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड जोडून धरणारा आतला लिगामेंट (चिवट पट्टा), तुटलेल्या खेळाडूच्या घरात हा हिशेब हमखास होतो, आणि चालण्यापुरता तो बरोबरही ठरतो. जुलैत कुबड्या सुटलेल्या असतात, सूज ओसरलेली असते, जिना चढता येतो. मग नवरात्र येतं, आणि वडोदऱ्यात राहून नऊ रात्री नुसतं बघत बसणं फार जड जातं. पण मेच्या मध्यावर ऑपरेशन झालं असेल तर तेव्हा जेमतेम पाच महिने भरतात. अनवाणी पाय जमिनीत रोवून अंग गर्रकन फिरवणं ही तर एसीएल तुटण्याचीच हालचाल आहे. खो-खोत खांबाजवळ झटकन वळताना, कबड्डीत चढाईवरून परत फिरताना, मल्लखांबावरून उडी टाकून एका पायावर उतरताना हेच होतं: पाय जागेवर राहतो आणि गुडघा आत वळतो. समोरचा धक्का बहुतेक वेळा लागलेलाच नसतो.

नऊ महिने का, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम जाचक वाटणार नाहीत. सहसा तुटलेला लिगामेंट शिवत नाहीत. त्याच्या जागी तुमचीच दुसरी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवतात: मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची, वाटीखालची, नाहीतर घोट्याजवळची पेरोनियस. हाच ग्राफ्ट. मूळ जागेवरून काढल्यामुळे त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आतल्या पेशी मरतात आणि नव्या रक्तवाहिन्या शिरून त्याचं लिगामेंटमध्ये रूपांतर व्हायला कित्येक महिने लागतात. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सगळ्यात कमजोर असतो, आणि गुडघा दुखायचा थांबतो तोही याच काळात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका पाहणीत नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जेवढं लांबवलं, तेवढा दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर सुमारे 51 टक्क्यांनी घटलेला दिसला.

दवाखान्यातून निघताना सर्जनना दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून फिजिओकडे न्या. ग्राफ्ट कुठला घेतला? मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवला का? शिवला असेल तर पायावर किती भार टाकायचा आणि गुडघा किती वाकवायचा याला सहसा चार ते सहा आठवडे मर्यादा असते, आणि ती सर्जन सांगतील तशीच पाळायची. खालचे आकडे मेनिस्कस न शिवलेल्या साध्या एसीएलचे आहेत.

पहिले दोन आठवडे: गुडघा सरळ झाला पाहिजे

सगळ्यांचं लक्ष गुडघा किती वाकतो याकडे असतं. वाकणं मागाहून येतं, दोन आठवड्यांत 90 अंश झालं तरी पुरे. सरळ होणं मात्र आत्ताच साधायचं. दुसऱ्या पायाइतका सरळ झाला नाही तर ग्राफ्टच्या पुढच्या बाजूला चिवट गाठीसारखी ऊती तयार होऊ शकते, गुडघा कायम थोडा वाकलेला राहतो, माणूस लंगडतो आणि कधी ती गाठ काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

हे बिघडतं एका उशीमुळे. गुडघा वाकलेला असला की बरं वाटतं, म्हणून घरातलं कुणीतरी मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवतं. ती काढा. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा मधे अधांतरी राहील आणि स्वतःच्या वजनाने खाली जाईल. 10 मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. मागे ताण जाणवणार, तो हवाच आहे.

दुसरं काम मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्सना, जागं करण्याचं. सुजलेल्या सांध्यातून जाणारे संदेश या स्नायूला गप्प करतात. तो आळशी नसतो, त्याला आतून ब्रेक लागलेला असतो. म्हणून सूज उतरवणं हाही स्नायूचाच उपचार आहे. पाय लांब करून बसा, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबा, वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. 5 ते 10 सेकंद धरा, 10 वेळा करा, जागं असताना दर दोन तासांनी एक फेरी. वाटी हलत नसेल तर फिजिओकडून मांडीवर स्नायू उत्तेजित करणाऱ्या मशीनचा करंट घ्या आणि करंट चालू असताना स्वतःही आवळा. नुसतं मशीन लावून मोबाईल बघत पडून राहिलात तर अर्धा फायदा वाया जातो.

मग सरळ पाय उचलणं: गुडघा ताठ ठेवून टाच वीतभर वर, दोन सेकंद, सावकाश खाली. उचलताना गुडघा किंचितही वाकला तर क्वाड्स अजून तयार नाहीत, आणि तोवर कुबड्या टाकायच्या नाहीत. टाच गादीवरून नितंबाकडे सरकवत नेणं 10-15 वेळा, दिवसातून तीनदा. तासातून 20-30 वेळा घोटा खाली-वर करायचा, त्याने पोटरीतलं रक्त फिरतं राहतं. वाटी बोटांनी हळूच खाली-वर आणि आजूबाजूला सरकवायची, पण टाक्यांची जागा टाळून.

बर्फ 15 ते 20 मिनिटं, मधे ओला पंचा ठेवून, दिवसातून चार-पाच वेळा. मेमधल्या उकाड्यात बर्फ थेट कातडीवर ठेवण्याचा मोह होतो, पण त्याने कातडी भाजल्यासारखी होते, आणि ऑपरेशननंतर तिथली संवेदना कमी असल्याने कळतही नाही. गुडघ्याला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्याखाली, म्हणजे ब्रेसखाली, घामोळं येतं, म्हणून आत सुती पायमोजा किंवा पातळ सुती कापड घाला. टाके निघेपर्यंत, साधारण 10 ते 14 दिवस, जखम कोरडी ठेवा.

पोटरी एका बाजूने सुजून गरम आणि दुखरी झाली, ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला किंवा जखमेतून पू आला तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात जा. पायात झालेली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेल्याचं ते लक्षण असू शकतं.

कुबड्या, जिना, पाट

कुबडीचा वरचा भाग काखेपासून दोन-तीन बोटं खाली हवा, मूठ मनगटाच्या रेषेत, कोपर किंचित वाकलेलं. वजन तळहातांवर घ्यायचं. काखेवर लोंबकळलात तर नस दबून हाताला मुंग्या येतात. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. रावपुरा, दांडिया बजारकडच्या जुन्या घरांतले लाकडी जिने इतके उभे आणि अरुंद असतात की दोन कुबड्या मावतच नाहीत. तिथे एका हाताने कठडा धरा, दुसऱ्या हातात एक कुबडी, आणि घरच्या माणसाने चढताना मागे, उतरताना पुढे उभं राहावं. त्याहून बरं म्हणजे पहिले दहा दिवस खालच्या मजल्यावरच खाट टाका. एक कुबडी उरली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरतात. बहुतेक जण उलट धरतात.

कमोड हवाच, नसेल तर खुर्चीचा कमोड आणा. पाटावर मांडी घालून जेवण, वज्रासन, उकिडवं बसणं तीन-चार महिने बंद, आणि नंतरही फिजिओला विचारून. आजींना वाईट वाटेल, पण देवाची पूजा खुर्चीवर बसूनच होऊ द्या.

मालिश

या गावात मालिशीचा विषय टाळून चालणार नाही. इथला जुना आखाडा जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तो चालवणारे प्रोफेसर माणिकराव यांच्यामुळे हाडं-सांधे हाताने बघण्याची मोठी परंपरा इथे आहे, आणि आखडलेल्या पाठीला किंवा मांडीला जाणत्या हातांनी आराम पडतो हे खरंच आहे. पण नव्या ग्राफ्टच्या गुडघ्यावर गरम तेलाची जोरकस मालिश किंवा ‘एकदाच दाबून मोकळा करतो’ हा प्रकार नको. सूज वाढते, पोटरीत रक्ताची गाठ असेल तर ती सुटू शकते, आणि जबरदस्तीने वाकवल्याने कमजोर ग्राफ्ट ताणला जातो. टाक्यांचा व्रण पूर्ण भरल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी, बोटाने व्रणावर पाच मिनिटं गोल फिरवायला हरकत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिने

गुडघा 100-110 अंश वाकला की स्थिर सायकल, सीट उंच, 10 मिनिटांपासून. अर्धी बैठक 60 अंशांपर्यंत, 10 सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतर, टाचा उचलणं, एका पायावर 30 सेकंद उभं राहणं. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल तर टाच मागे ओढण्याचा वजनी व्यायाम साधारण सहा आठवडे थांबवा. नाहीतर मांडीमागे अचानक ‘कट्’ होऊन कळ येते. खुर्चीवर बसून पाय पुढे ताठ करण्याचं मशीन चौथ्या आठवड्यानंतर चालतं, पण 90 ते 45 अंशांमध्येच. शेवटचे 45 अंश वजन लावून ताठ करण्यात ग्राफ्टवर ओढ जास्त येते, ते साधारण बाराव्या आठवड्यानंतर.

सहा आठवड्यांनंतर खरी कसरत सुरू होते आणि इथेच बरेच जण क्लिनिक सोडतात. लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलण्याचं मशीन), एका पायाची बैठक, मांडीमागचे व्यायाम, नितंबांचे व्यायाम. 8 ते 12 वेळांचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा, मधे 48 तास. वजन इतकं की सेट संपताना आणखी दोन-तीन वेळाच जमलं असतं. 20 वेळा आरामात होत असेल तर तो सराव आहे, ताकद त्याने वाढत नाही. या टप्प्यावरही रोज 40 मिनिटं मशीनची वायर लावून आणि 5 मिनिटं व्यायाम करून घरी पाठवत असतील तर फिजिओला स्पष्ट विचारा, माझी ताकद कधी मोजणार?

भार जास्त झाला का, हे गुडघाच सांगतो. दहापैकी तीनपर्यंत दुखणं व्यायामात चालतं, पण 24 तासांत ते पूर्वीइतकं उतरलं पाहिजे. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी वाटीच्या मध्यावर शिंप्याच्या टेपने घेर मोजून कॅलेंडरवर लिहा. कालच्यापेक्षा 1 सेंटिमीटरहून जास्त भरला तर कालचा व्यायाम जड झाला. दोन दिवस हलकं करा. पूर्ण थांबू नका.

खाण्याचंही बघा. स्नायू भरायला शरीराच्या दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या मुलीला 96 ग्रॅम. वाटीभर वरणातून 6-7 ग्रॅमच मिळतात, पावशेर दुधातून 8, एका अंड्यातून 6, शंभर ग्रॅम पनीरमधून 18 च्या आसपास. वरण-भात आणि छासवर भागणार नाही, हे घरात आधीच बोलून घ्या.

पळणं आणि उड्या

बारा आठवडे, सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ, आणि क्वाड्सची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 70-80 टक्के. हे चारही जुळल्याशिवाय पळायचं नाही. सुरुवात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. कमाटीबागेतल्या सपाट रस्त्यांवर भल्या पहाटे हे उत्तम होतं, फक्त पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशा टाळा. चार-पाच महिन्यांनी दोन पायांच्या उड्या, मग एका पायाच्या. कुणालातरी समोरून व्हिडिओ काढायला सांगा. उतरताना गुडघा अंगठ्याच्या आत पडत असेल तर उंची कमी करा आणि नितंबांच्या व्यायामांवर परत जा. दणकन आवाज आला तर उतरणं कच्चं आहे.

वळणं आणि फिरक्या साधारण सहाव्या महिन्यानंतर, ठरवून आणि संथ. मैदानात सामना खेळायला नऊ महिने पूर्ण, ताकद दुसऱ्या पायाच्या 90 टक्के आणि एका पायाच्या उडीचं अंतरही 90 टक्के. उडी प्रत्येक पायाने तीनदा मारा, सगळ्यात लांबची मोजा, उतरल्यावर दोन सेकंद स्थिर राहिलात तरच ती धरायची. यात एक फसगत आहे. नऊ महिन्यांत चांगला पायही सुस्तावलेला असतो, म्हणून त्याच्याशी तुलना केल्यावर टक्केवारी फुगते. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच चांगल्या पायाचे आकडे घेऊन ठेवा.

पाच महिन्यांवर आलेल्या नवरात्रात काय करता येईल? टप्पे ओलांडलेले असतील तर टाळ्या आणि जागच्या जागी पावलं, बूट घालून, सपाट जागी, गर्दीच्या बाहेरच्या कडेला, 15-20 मिनिटं. दोढियुं (गरब्याचा एक प्रकार) नको, फिरकी नको, बसून उठण्याची पावलं नकोत, आणि मैदानाच्या मधल्या रिंगणात तर शिरूच नका, कारण तिथे मागचा माणूस तुमचा वेग ठरवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टेपने घेर मोजा. वाढला असेल तर पुढच्या रात्री खुर्ची घेऊन बसा.